रफिकमागे धावलेली म्हैस

कोल्हापूर,
दिवाळी पाडव्याचा दुसरा दिवस, १९८४

आदरणीय नजीराआपास,

धाकट्या सिकंदरचा सलाम. इकडे सगळं ठीक आहे; चंदगडचा पाऊस थांबला असेल तर तुमचंही असावं. दुल्हाभाईंच्या गुडघ्याची चौकशी केली म्हणून सांग (त्या गुडघ्याचं पुढे काम आहे).

आपा, आधी खाली बस! तुझ्या रफिकनं शर्यत मारली!

तू त्याला माझ्याकडे सोडलंस तेव्हा पोराला ना झोप, ना जेवण. मुंबईच्या डॉक्टरांनी ऑटिझम हे नाव सांगितलं आणि पोराला भरपूर पळू-खेळू द्या म्हणाले. म्हणून तालमीत नेला, तर वस्तादांच्या आरोळीनं कान झाकून मातीत आडवा झाला. (त्याला दाखवायला मी जोर मारायला गेलो आणि मीही आडवा झालो. शिंप्याला तालीम मानवत नाही.) मग एका सकाळी शेजारचे जोतीराम गवळी चंद्री म्हशीला पळवायला निघाले. पाडव्याला इथे फटफटीवरच्या मालकामागे म्हशी पळवतात, त्याचीच तयारी. रफिक हात फडफडवत चंद्रीच्या शेजारून सुटला, आणि दोघांच्या मागे मी! तेव्हापासून रोज हेच. कुणी हात लावला की अंग चोरणारं आपलं पोर तिच्या पाठीवर हात टाकून परत येतं. मला मात्र रोजच्या पळण्यानं माझ्याच पँटी कमरेत आत घ्याव्या लागल्या.

काल शर्यतीत जोतीरामांनी फटफटी दामटली, पण चंद्री जागची हलेना. गोंगाट नको म्हणून रफिकला मी लांब उभा केला होता. तो माझा हात सोडवून कडेकडेनं पळाला, आणि चंद्री त्याच्यामागे, फटफटीला मागे टाकून! पंच अडून बसले, "म्हैस मालकामागंच पळाया पायजे." जोतीराम कडाडले, "मग आजपासनं ह्योच मालक की!" सगळा रस्ता हसला, आणि पंचांनीही मान्य केलं. जिंकल्याचा फेटा रफिकनं डोक्याला लावू दिला नाही, तो चंद्रीच्या शिंगांना बांधला. मला तर रडूच आलं, आपा. घरी पोटभर जेवून पोरगं ताटावरच झोपलं. बोलत अजून नाही. बोलेल असं खोटं लिहिणार नाही.

तुझा,
सिकंदर

ता. क. रविवारी त्याला न्यायला येतेस, तर घराच्या दाराला वर बसवलेली ती कडी काढून ये. तुझी भीती कळते मला. पण त्याला कुठं जायचं नसतं गं, नुसतं पळायचं असतं. दमला की माझ्याआधी घरी पोचतो.

आणखी ता. क. एकटा मात्र सोडायचा नाही. सोबतीला म्हैस घ्या. गोठ्याला जागा नसेल तर दुल्हाभाई चालतील. त्यांची पळायची चड्डी शिवून ठेवली आहे; नाडीची, म्हणजे पुढे आत घ्यावी लागणार नाही.