सतरंजीवरून उठणे

१० जुलै, गुरुवार. आषाढ पौर्णिमा
विहारात वर्षावासाचं तीन महिन्यांचं ग्रंथवाचन सुरू. पहिलं पान दरवर्षी मीच वाचते, सतरंजीवर मांडी घालून. यंदा खुर्चीवरून वाचलं. सगळ्या बाया खाली, मी एकटी वर. लसीकरणाला बसल्यासारखं वाटलं.

फेब्रुवारीत न्हाणीत पडले. शेजारची कमल दूध घेऊन येईपर्यंत चार तास फरशीवर. मांडीच्या हाडात आता सळई आहे, वय ७१. सगळ्या गावाला माहीत, त्यामुळे मी दिसले की कोणीतरी ओरडतंच, "सिस्टरबाईले खुर्ची द्या वो!" पस्तीस वर्षं नर्स होते, त्याची ही परतफेड.

रात्री शीतलचा नागपूरहून फोन. "आई, अश्विन पौर्णिमेला मी येते. तोवर जमिनीवरून एकटी उठू शकली तर राहा तिथं. नाही तर सामान बांधायचं." कबूल केलं. लेकीचं चुकत नव्हतं, वाद कशावर घालणार.

१५ जुलै, मंगळवार
गोंडपिपरीला फिजिओकडे. मडावी मॅडम. माझ्या शीतलपेक्षाही लहान. पाय वाकवून, दाबून पाहिला, टेपनं मांडी मोजली. "हाड जुळलं जी बाई. आता मांस आळशी होऊन राह्यलं." मांडी घालायला डॉक्टरची हरकत नाही. उठण्याचं मात्र शेवटी शिकवणार.

व्यायाम (व्या.) पुढीलप्रमाणे: हात न टेकता खुर्चीतून उठणे, १० वेळा. भिंतीला धरून टाचा उचलणे. घोट्याला किलोभर तांदळाची पिशवी बांधून पाय सरळ करणे. रोज वीस मिनिटं चालणे. सोबत तक्ता, केलं की टिक.

तक्ते भरण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही.

२२ जुलै
व्या. झाले. रुग्ण कुरकुर करते, पण करते.

३० जुलै
राईस मिलच्या मागे वाघ दिसला. दवंडी झाली, सकाळी एकट्यानं फिरू नये. चालणं बंद. खरं सांगायचं तर बरं वाटलं. वाघाचे आभार. तरी चालण्यासमोर टिक केली. कारण माझं नव्हतंच.

९ ऑगस्ट
पाऊस. व्या. नाही. टिक केली.

१२ ऑगस्ट, मंगळवार
मॅडमनी तक्ता पाहिला. टिकाच टिका. मग मांडीभोवती टेप लावली. जुलैत जेवढी भरली होती तेवढीच.

"तक्ता पास झाला बाई, पाय नापास."

मी म्हटलं, वयाचं असेल. ती म्हणाली, "असन. पण तक्ता माझ्यासाठी नाई ना जी."

परत येताना एसटीत जुनं आठवत बसले. नाल्याला पूर आला की पलीकडच्या टोल्यावर, त्या लहानशा वस्तीवर, जायचा मला कंटाळा यायचा. रजिस्टरला लिहायची: गृहभेट दिली. एकदा तिथल्या एका बाळंतिणीला ताप होता, ते मला आठ दिवसांनी कळलं. वाचली ती. पण माझ्यामुळे नाही. ते पान कुठल्या तरी कपाटात असेल, खाली माझी सही असेल. लाज वाटली. तेव्हा वाटली नव्हती.

आजपासून केलं तरच टिक.

१९ ऑगस्ट
आठवड्यात टिका चार. शाळा सुटल्यावर तिथल्या व्हरांड्यात फेऱ्या मारते, वाघ अजून आहे म्हणतात. आज बारा फेऱ्या. घाम आला.

२ सप्टेंबर
कमलशी बिनसलं. बादली तीच उचलते, चहाचा कप तीच हातात देते, मी उठायला लागले की बखोटीला धरते. "काऊन उठता जी? मी आहो ना!" आज सांगितलं, मला धरू नकोस, हात मागे बांधून उभी राहा. फणकाऱ्यानं गेली. वाईट वाटलं, पण ही माणसं मला प्रेमानं पांगळी करतील.

५ सप्टेंबर
कमल आली. दूध ठेवलं. हात मागे बांधून उभी राहिली, तोंड फुगवून. मी उठून कप आणला, दोन आणले.

९ सप्टेंबर, मंगळवार
आज जमिनीवरून उठायला शिकवलं. कुशीवर वळायचं, दोन्ही हात टेकायचे, गुडघ्यांवर यायचं, चांगला (डावा) पाय पुढे टेकवायचा, त्यावर भार, वर. मॅडमची दोन बोटं माझ्या पाठीला होती. उठले. विचारलं, बोटं काढली असती तर? "ते घरी पाहा."

मग स्वतःच म्हणाली, "माझी आजी ऐंशीची हाय. मोहाच्या दिवसांत सकाळपासून उकिडवी बसून फुलं वेचते. तिले कोणी खुर्चीच देल्ली नाई कधी."

मांडी दीड सें.मी. वाढली. टेप खोटं बोलत नाही.

२० सप्टेंबर
घरी, कमलसमोर. गुडघ्यांवर आले आणि थांबले. पाय पुढे येईना. दुखत नव्हतं. मला फरशीची भीती वाटते. गाल टेकून पडले होते ते चार तास, मोरीत नळ ठिबकल्याचा आवाज, सगळं आहे अजून. हे कोणाला सांगितलेलं नाही. कमलनं उठवलं. टिक नाही.

२८ सप्टेंबर
उठले. हात खुर्चीला, कमल शेजारी, हात मागे. "उठल्या जी, उठल्या!" तीच जास्त ओरडली. अर्धी टिक. खुर्ची नसती तर, कमल नसती तर, याचा अनुभव नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार. अश्विन पौर्णिमा
शीतल काल आली. सकाळी विहारात. खुर्ची आली, नको म्हटलं. सतरंजीवर बसले, शेवटचं पान वाचलं. आवाज चांगला लागला.

समारोपाला सगळे उभे राहिले. मी वळले, हात टेकले, गुडघ्यांवर आले. डावा पाय पुढे टेकला. भार घेत होते. तेवढ्यात दोन्ही बाजूंनी बायांनी काखेत हात घालून मला उभं केलं. कमल पुढे होती, तिला दिसलं नाही.

शीतल दारात. तिथून सगळ्या पांढऱ्या साड्यांच्या पाठीच दिसत असणार. बाहेर येताच तिनं मिठी मारली. "उठली ना आई! पाहिलं मी." तिचे डोळे भरले होते. म्हणाली, राहा तू इथंच.

मी चपला शोधू लागले. पायात जोर येत होता. एक श्वासभर वेळ मिळाला असता तर कळलं असतं.

आजचा रकाना कोरा आहे.

८ ऑक्टोबर
पहाटे साडेपाच. शीतल आत झोपली आहे. उद्या एकटीच परत जाणार, तिकीटही काढलं तिनं. कमल सातला येते.

सतरंजी अंथरली. खुर्ची स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. नाही उठता आलं तर हाक मारावी लागेल. शीतल येईल, उठवेल, आणि मग नागपूर.

तक्ता आणि पेन वर टेबलावर ठेवते आहे, तिथं उभं राहूनच हात पोचतो.

बसते.