राखून ठेवलेली चाल

६ फेब्रुवारी
सीझन सुरू. पाच शहरं, पाच स्पर्धा, जगातले निवडक दहा बुद्धिबळपटू. त्यांतला एक मी. हे वाक्य लिहून बरं वाटलं, म्हणून पुन्हा लिहितो. त्यांतला एक मी.

ही रोजनिशी कुणालाही दाखवायची नाही. तरी पुढेमागे कुणी चरित्र लिहायला घेतलंच तर त्या बिचाऱ्याचे हाल नकोत, म्हणून नियम नोंदवून ठेवतो. पाचही स्पर्धांचे गुण एकत्र धरतात. शेवटी जो दहावा येतो तो पुढच्या वर्षी घरी बसतो आणि त्याची जागा दुसऱ्याला मिळते. ही अट यंदापासून आली आहे. बाकीच्यांची झोप उडाली असेल.

निघताना बायकोने विचारलं, तूच दहावा आलास तर? तिला बुद्धिबळातलं काही कळत नाही.

संकल्प: रोज सकाळी पळणं. गोड बंद. हरल्यावर हॉटेलच्या उशीला दोष द्यायचा नाही.

७ फेब्रुवारी
उशी फारच मऊ आहे. अजून हरलो नाही, त्यामुळे हे लिहायला हरकत नाही.

आता गुपित. बायकोचा धाकटा भाऊ माझा सेकंड आहे. सेकंड म्हणजे तयारी करून देणारा माणूस. प्रतिस्पर्ध्यांचे जुने डाव तो चाळतो, कॉम्प्युटरवर चाली तपासतो, मला त्या पाठ करायला देतो आणि वेळ उरला की माझे शर्ट इस्त्री करतो. तसा तोही ग्रँडमास्टर आहे. पण हल्ली कोण नसतो?

तर चॅम्पियन, म्हणजे आमच्या दहांतला जगज्जेता, काळी मोहरी घेऊन गेली कित्येक वर्षं एकच बचाव खेळतोय. त्यात आम्ही एक भोक शोधलंय. चौदाव्या चालीला पांढऱ्याने घोडा फुकट द्यायचा. बघणाऱ्याला वाटेल, याचं डोकं फिरलं. पण थोड्याच चालींत काळा राजा उघड्यावर येतो. ही चाल जगात आजवर कुणी खेळलेली नाही. कल्पना माझीच. पटावर पहिल्यांदा मांडली मेहुण्याने, पण तेव्हा समोर मी बसलो होतो.

उद्या चॅम्पियनशीच गाठ आहे आणि पांढरी मोहरी माझ्याकडे आहेत. मेहुणा म्हणतो, भाऊजी, उद्याच हाणा. मी नुसता हसलो. पहिल्याच दिवशी? झाकली मूठ सव्वा लाखाची.

८ फेब्रुवारी
चॅम्पियनला संशय येऊ नये म्हणून मुद्दाम दुसरंच ओपनिंग खेळलो. सत्तावीस चालींत हरलो. पण माझ्याकडे काय आहे याचा त्याला पत्ताही लागला नाही. मोहीम फत्ते.

१७ फेब्रुवारी
पहिली स्पर्धा संपली. नववा आलो. दहाव्याला चांगलंच मागे टाकलं.

पळायचा ट्रॅक बघून आलो. छान आहे.

११ एप्रिल
दुसरं शहर. हॉटेल वेगळं, कार्पेट तेच. स्पॉन्सरने जॅकेट दिलंय, खिशावर त्यांचा लोगो. सगळ्यांना एकच साइझ. मला पोटावर बसत नाही. शिंप्यांना हल्ली माप घेता येत नाही.

उद्या चष्मिसशी डाव आहे, पांढरी मोहरी माझी. चष्मिस म्हणजे आमच्यातला सगळ्यात नवा खेळाडू. जाड भिंगांचा चष्मा लावतो, पटाकडे न बघता छताकडे बघत विचार करतो आणि सारखा जिंकतो. उथळ पाण्याला खळखळाट फार. तोही चॅम्पियनचाच बचाव खेळतो. मेहुणा पुन्हा सुरू झाला, भाऊजी, याच्यावर तरी वापरा, गुणांची गरज आहे. मी त्याला समजावलं, डास मारायला तोफ काढत नाहीत.

१२ एप्रिल
डासाने हरवलं.

२१ एप्रिल
पुन्हा नववा. सातत्य हा मोठा गुण आहे.

बायकोला फोन केला. ती म्हणाली, माझा भाऊ जेवतो का वेळेवर? माझ्याबद्दल विचारायचं राहून गेलं असावं.

१४ जून
तिसरी स्पर्धा. आज पुन्हा चॅम्पियन, पुन्हा पांढरी मोहरी. सकाळी मेहुण्याने सगळा वेळ त्या घोड्याच्या चालीवर घालवला आणि मला तीन वेळा पाठ म्हणायला लावली. मीही पुरता ठरवलं होतं. पण हॉलमध्ये बघतो तर चॅम्पियन नाक पुसतोय! सर्दी. आता सर्दी झालेल्या माणसावर असलं अस्त्र टाकायचं? लोक काय म्हणतील? सर्दीमुळे हरला म्हणतील. माझ्या वर्षभराच्या मेहनतीचं श्रेय त्याच्या नाकाला जाईल.

साधं ओपनिंग खेळलो. तो शिंकत शिंकत जिंकला.

मेहुणा जेवताना पोळीचे तुकडे करत राहिला. शेवटी म्हणाला, भाऊजी, चाल शिळी होते. सगळ्यांकडे कॉम्प्युटर आहेत, आज ना उद्या कुणाच्या तरी हाती लागणार. मी म्हटलं, शिळी व्हायला ती भाजी आहे का? त्याने ताटाकडे बघितलं. ताटात भाजीच होती, आणि ती शिळीच होती. पण मुद्दा माझा बरोबर होता.

२३ जून
नववा. दहावा आता अर्ध्याच गुणाने मागे आहे. चांगलं आहे. थोडी चुरस हवी.

संकल्प: पळण्याऐवजी भरभर चालणं. गुडघ्यांना तेच योग्य, असं एका फिजिओने सांगितल्याचं कुणीतरी सांगितलं.

९ सप्टेंबर
चौथी स्पर्धा. चॅम्पियनशी डाव शेवटच्या राउंडला, पांढरी मोहरी माझी. मेहुण्याला सांगून टाकलं, यावेळी नक्की. त्याने माझा हात हातात घेतला. मुलगा भावनाप्रधान आहे, बहिणीसारखाच.

१३ सप्टेंबर
घडलं ते क्रमाने लिहितो.

आज माझा डाव एका दाढीवाल्याशी होता. दाढीवाला म्हणजे दहाव्या नंबरचा इसम. शेजारच्या टेबलावर चष्मिस विरुद्ध चॅम्पियन, पांढरी मोहरी चष्मिसची. माझी चाल होती. पाय मोकळे करावेत म्हणून उठलो, एक चक्कर मारली आणि सहज त्यांच्या पटाकडे नजर गेली. माझंच ओपनिंग! बारावी चाल झाली. तेरावी झाली. मग चष्मिसने छताकडे बघितलं आणि घोडा उचलून देऊन टाकला.

माझा घोडा!

चॅम्पियनने डोक्याला हात लावला. हॉलमध्ये कुजबुज उठली. मी तिथेच खिळलो. पुढची प्रत्येक चाल मला पाठ होती. ओठांत पुटपुटत होतो आणि चष्मिस ती खेळत होता, हुबेहूब. अगदी बरोबर खेळत होता, हे मला मान्य करावं लागेल. काळा राजा उघड्यावर आला तेव्हा तर मला टाळीच वाजवावीशी वाटली.

तेवढ्यात पंचांनी खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, गर्दी करू नका म्हणतायत. ते म्हणाले, तुमची वेळ संपली. माझी चाल होती ना! घड्याळ माझं चालू होतं. दाढीवाला एकही मोहरा न हलवता जिंकला.

१४ सप्टेंबर
जगभर त्या चालीला चष्मिसचं नाव पडलंय. पत्रकारांनी त्याला विचारलं, किती महिने तयारी केली? म्हणतो, कपडे वॉशिंग मशीनमध्ये टाकले होते, धुऊन होईपर्यंत सापडली.

या थापेवर विश्वास ठेवायला मी काही दुधखुळा नाही. चाल आम्हा दोघांनाच माहीत होती. मी फोडलेली नाही. उरला कोण? मेहुण्याला तोंडावर विचारलं. त्याने इस्त्री बंद केली. मग म्हणाला, भाऊजी, फोडायचीच असती तर फेब्रुवारीत फोडली असती, तेव्हा ताजी होती.

हा तर कबुलीजबाबच झाला. काढून टाकला.

१५ सप्टेंबर
मेहुणा गेला. जाताना माझे सगळे शर्ट इस्त्री करून कपाटात टांगून गेला. मला वाईट वाटावं म्हणून मुद्दाम केलं असणार. वाटलं.

बायकोचा फोन. ती म्हणाली, बैल गेला आणि झोपा केला. मग म्हणाली, तो माझा भाऊ आहे. फोन मात्र ठेवला नाही. मीच उशीबद्दल थोडं बोललो.

१८ सप्टेंबर
चौथी स्पर्धा संपली. शेवटच्या राउंडला चॅम्पियनशी काय खेळायचं ते सांगायला कुणी नव्हतं. उत्स्फूर्त खेळलो. उत्स्फूर्त हरलो.

मी आणि दाढीवाला आता बरोबरीत.

२० ऑक्टोबर
घरी. बातमी: मेहुणा एका मोठ्या ओपन स्पर्धेत खेळला. ओपन म्हणजे जत्रा. शेकडो खेळाडू, लांबच लांब टेबलं, प्लॅस्टिकच्या खुर्च्या. तो पहिला आला. बायको आनंदाने शेजारी सांगून आली.

मग कळलं की याच ओपनच्या विजेत्याला पुढच्या सीझनला आमच्यातली जागा मिळते. कुठली जागा? तर जो दहावा येईल त्याची.

म्हणजे मी वाचलो तर मेहुणा दाढीवाल्याच्या जागी, माझ्यासमोर. मी दहावा आलो तर तो माझ्याच जागी. बायकोला विचारलं, तुला तो कुठे आलेला आवडेल? ती म्हणाली, तू जेवून घे.

२ नोव्हेंबर
शेवटची स्पर्धा. एकटाच आलो. स्वतःची तयारी स्वतः करण्यात वेगळीच मजा आहे. शर्ट इस्त्री करताना एकाच्या पाठीवर त्रिकोण उमटला. जॅकेटखाली दिसत नाही. जॅकेट काढायचं नाही.

१० नोव्हेंबर
उद्या शेवटचा राउंड. हिशेब सोपा आहे. दाढीवाल्याचा उद्याचा प्रतिस्पर्धी आजारी पडून घरी गेला, त्यामुळे त्याचे डाव संपले आणि तो गुण धरून तो माझ्यापुढे अर्ध्या गुणाने आहे. मी उद्या हरलो तर दहावा. बरोबरी केली तर त्याच्याइतके गुण, आणि तशा वेळी जास्त डाव जिंकलेला वर धरतात. म्हणजे मी. नुसती बरोबरी पुरे.

प्रतिस्पर्धी: चॅम्पियन. त्याने सीझन कधीच खिशात घातलाय. त्याला या डावातून काहीही नको.

११ नोव्हेंबर
शांतपणे लिहायचं ठरवलंय.

आमच्यात नियम आहे, तीस चालींच्या आधी कुणी बरोबरी मागायची नाही. प्रेक्षकांनी तिकीट काढलेलं असतं. डाव समसमान चालला होता. एकतिसावी चाल झाल्याबरोबर चॅम्पियनने घड्याळ दाबलं, माझ्याकडे बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, ड्रॉ?

नुसती मान हलवायची होती. हात पुढे करायचा होता.

पण मी त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि मला दिसलं की हा घाबरलाय! जगज्जेता माणूस माझ्याकडे बरोबरी मागतोय, तीही अधीर होऊन, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत. म्हणजे मी जिंकत असणार. मला कसं जिंकत होतो ते दिसत नव्हतं, पण त्याला दिसलं असणार, तो चॅम्पियन आहे. मी म्हटलं, नाही, खेळूया. आणि हत्ती पुढे घातला.

त्याने एक सुस्कारा सोडला आणि पुढच्या दहा मिनिटांत माझा चेंदामेंदा केला. हात मिळवून जवळजवळ पळतच गेला. पंचांना विचारलं, काय झालं? ते म्हणाले, त्यांचं विमान आहे.

दहावा.

१२ नोव्हेंबर
बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, दैव देतं आणि कर्म नेतं. मी म्हटलं, उशी. ती म्हणाली, पुरे.

३० नोव्हेंबर
घरी बसवत नाही. इथे कोण वाचतंय, म्हणून खरं लिहितो. मला त्या हॉलची आठवण येते. डाव सुरू व्हायच्या आधी सगळे उभे राहून आपापली मोहरी नीट सरळ करतात, तेव्हा जी शांतता असते तिची. पुढच्या वर्षी ती माझ्याशिवाय असेल आणि कुणाला फरकही पडणार नाही.

मला रडू आलं. बायकोने शेजारी बसून टीव्ही बंद केला.

४ डिसेंबर
मेहुण्याचा फोन आला. तो भांडेल असं वाटलं होतं, म्हणून आधीच चार वाक्यं तयार ठेवली होती. तो म्हणाला, भाऊजी, पुढच्या सीझनला माझे सेकंड व्हाल का?

मी म्हटलं, विचार करावा लागेल, बऱ्याच ऑफर आहेत. तो म्हणाला, तुमच्याशिवाय माझं चालायचं नाही. ओपनमध्ये एकटा होतो, तरी अवघड जागी दोन चालींत अडलो की डोळे मिटून एकच विचार करायचो, भाऊजी असते तर काय खेळले असते?

इतकी वर्षं शिकवलं ते वाया गेलं नाही. विचारलं, मग?

मग ती सोडून दुसरी खेळायचो, तो म्हणाला. एकदाही चुकलो नाही.

त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती, हेच वाईट. बायको दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी हो म्हटलं. काही अटी घालणार होतो, त्या आठवल्या नाहीत.

तो खूश झाला. म्हणाला, मग आत्ताच एक सांगा, समोर पट मांडलाय, अडलोय. त्याने सगळी मोहरी सांगितली. एक हत्तीची चाल होती, एक प्याद्याची. मी डोळे मिटले, मनापासून विचार केला, बराच वेळ केला आणि सांगितलं, हत्ती.

थँक्यू भाऊजी, तो म्हणाला. मागोमाग लाकडी पटावर मोहरा ठेवल्याचा आवाज आला. हलका होता. प्यादं.