तांबी, गोळ्या आणि माझं कॅलेंडर

६ ऑक्टोबर
बायकोला, बुरुलचाला, घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात. डॉक्टर सालकिनाय म्हणाल्या, आधीच हिचं बीपी, त्यात तिसऱ्या बाळंतपणात आकडी आली होती. निदान दोन वर्षं दिवस राहता कामा नयेत. काय वापरणार ते दोघांनी मिळून ठरवा. मी सांगितलं, ते माझ्यावर सोडा. जनावरांचा का असेना, डॉक्टर आहे. सगळ्या साधनांची शास्त्रीय तुलना करून आठवड्यात निर्णय देतो.
बुरुलचा येताना गाडीत गप्प. विश्वास असावा.

९ ऑक्टोबर
तुलना सुरू. गोळ्या: बीपीमुळे नेहमीच्या चालणार नाहीत, असं डॉक्टरच म्हणाल्या. बाद. इंजेक्शन: दर तीन महिन्यांनी. लक्षात कोण ठेवणार? मी कामात असतो. बाद.
तांबी: डॉक्टरांच्या मते हिला सगळ्यात योग्य. पण आई म्हणते, ती हळूहळू चढत काळजापर्यंत जाते. हा अडाणीपणा आहे. तरी म्हाताऱ्या माणसाचं मन कशाला दुखवा? तूर्त बाजूला.

१२ ऑक्टोबर
नसबंदी (पुरुषाची). फोनवर विचारलं, एका मित्रासाठी म्हणून. डॉक्टर म्हणाल्या, पंधरा-वीस मिनिटांचं काम, बाकी कशात फरक पडत नाही. आणि तुमच्या मित्राला सांगा, मेंढा खच्ची करतात तसलं हे नव्हे.
मी दर शरदात तीनशे मेंढे खच्ची करतो. त्यांचे चेहरे मी पाहिलेत. पुरेशी माहिती उपलब्ध नाही. बाद.

१५ ऑक्टोबर
कंडोम. साधं, सुरक्षित, मला पसंत. औषधाच्या दुकानात गेलो. गल्ल्यावर नुरजामाल, माझी चुलतवहिनी. म्हणाली, "काय देऊ, भावोजी?" खोकल्याचं औषध आणि दोन टूथब्रश घेतले.

१६ ऑक्टोबर
निर्णय झाला: कॅलेंडर. खर्च नाही, दुकान नाही, सुई नाही. गाईचं चक्र एकवीस दिवसांचं, बाईचं अठ्ठावीस. फरक सातचाच. जमेल.
बुरुलचा कणीक तिंबत होती. म्हणाली, "अहो, अंगावर पिणारं पोर आहे, माझी पाळी अजून धड येत नाही. मला तांबी चालेल. तुम्ही फक्त एक दिवस मुलांना बघा." म्हटलं, कळप कुरणावरून खाली उतरू दे, मग बघू.

३ नोव्हेंबर
कळप उतरला. आता मेंढ्यांची लसीकरणं. पुढच्या आठवड्यात नक्की.

११ नोव्हेंबर
जास्तीची खबरदारी म्हणून मी वेगळ्या खोलीत झोपायचं ठरवलं.

१२ नोव्हेंबर
शेगडी एकाच खोलीत आहे. बाहेर उणे अठरा.

१९ नोव्हेंबर
कॅलेंडरवरची लाल खूण या शनिवारची की मागच्या, कळेना. थोरलीने त्यावर घोडा काढलाय. सरासरी काढली. सरासरीप्रमाणे दिवस सुरक्षित.

२२ डिसेंबर
बुरुलचाला सकाळी उलट्या. काल बोरसोक, कणकेचे तुकडे, शिळ्या तेलात तळले होते. पोटाचं औषध दिलं.

२९ डिसेंबर
तेल बदललं. उलट्या तशाच. दवाखान्याचा विषय तिने काढला. म्हटलं, सणासुदीत डॉक्टरांना कशाला त्रास?

११ जानेवारी
तिचं डोकं दुखायचं थांबेना. डोळ्यांपुढे काजवे चमकतात म्हणाली. नेलं. बीपी एकशे ऐंशी. दिवस गेलेत, दोन महिने होत आले. डॉक्टर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुरगुनबेक, गाभण गाय असती तर एव्हाना तीनदा तपासली असतीत." आईला मुलांजवळ ठेवून बुरुलचाला अँब्युलन्सने नारिनच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन आलो. घाटात तिचा हात धरला. गार होता. सरासरी चुकली कशी, कळत नाही.

१४ जानेवारी
हे मूल ठेवणं तिच्या जिवावर बेतेल, असं इथले डॉक्टर म्हणाले. मी विचार करायला एक दिवस मागितला. त्यांनी सांगितलं, तिने कालच सही केली आहे.

१५ जानेवारी
काम झालं. ती वाचली. बीपी उतरतंय. पांढरीफटक पडली आहे. म्हणाली, "त्याच वेळी तांबीही बसवून घेतली. मीच सांगितलं त्यांना."
मी म्हटलं, माझ्याही तुलनेत तांबीच पहिली येत होती, आज-उद्या सांगणारच होतो.
तिने भिंतीकडे तोंड केलं. नर्स म्हणाली, बाहेर बसा. व्हरांड्यात बाकावर बसलो आहे. चार वाजत आले. काही ठरवायचं असेल तर बोलवा, असं सांगून ठेवलंय. अजून कोणी बोलावलेलं नाही.