न विचारता कापलेले गुण

तळोदा, १७ फेब्रुवारी १९४०

प्रिय सुमेरमल,

धनकंवरचं नाव शाळेतून काढावं, ही तुझी चिठ्ठी काल पोचली. खाली लिहिलंयस, आमच्या घराला इंग्रजी जमत नाही, मीसुद्धा नापासच झालेलो. ती ओळ वाचून मी चष्मा काढून ठेवला आणि तास न घेता पोरांना मैदानात सोडलं. हल्ली फार थकतो रे. जूनमध्ये पेन्शनीत निघायचं, पण आताच खुर्चीतून उठायचं म्हटलं तरी जिवावर येतं.

तुझी लेक इंग्रजी तिसरीत आहे, पण तिचं डोकं तुझ्यापेक्षा सरळ चालतं. राग मानू नकोस. परवा वर्गात मी लिहिलेलं एक इंग्रजी वाक्य दिलं. सारंगखेड्याच्या जत्रेत मी दगा नावाच्या गड्याला घोडा विकताना पाहिलं, आणि अगदी शेवटी 'लंगडत'. आता लंगडतो कोण, दगा, घोडा की मी? तिच्या वर्गातला उदेसिंग म्हणाला, घोडाच असणार. धनकंवरने तो शब्द उचलून दगाशेजारी नेऊन ठेवला. ज्याचा शब्द त्याच्याजवळ, हे मी शिकवलेलंच. तरी तिचं समाधान होईना, म्हणून तिने वाक्य मोडून दोन केली. आणि मग मलाच विचारते, मास्तर, पन खरंच लंगडी कोन ऱ्हायंता? म्हणजे खरोखर लंगडत होतं कोण. मला बरं वाटलं. कारण सगळे नियम संपले की शेवटी हेच करायचं असतं, लिहिणाऱ्याला विचारायचं.

तुला आठवत असेल, पेपर तपासताना अशा वाक्याखाली मी नुसती रेघ मारायचो. गुण लगेच कापायचो नाही. पोराला ओसरीवर बोलावून म्हणायचो, तुला काय म्हणायचंय ते तुझ्या बोलीत सांग. अहिराणीत सांग, पावरीत सांग, मारवाडीत सांग. सांगता आलं की तिथंच वाक्य दुरुस्त करून घ्यायचं. हेडमास्तर चिडवायचे, वाहिद मास्तर, ही परीक्षा आहे की पंचायत? पण पोरं शिकायची. माझ्या हाताखाली कुणाचा गुण न विचारता गेला नाही, असं मी आजवर चारचौघांत सांगत आलो.

ते खोटं आहे. एकोणीसशे एकवीस साली, मॅट्रिकला कुणाला बसवायचं ते ठरवणाऱ्या परीक्षेच्या वेळी, मला हिवताप भरला होता. नव्वद पेपर आणि दोन दिवस. तुझ्या निबंधात अशा पाच वाक्यांखाली रेघा मारल्या आणि तुला न बोलावता अकरा गुण कापले. तुला चार कमी पडले. तू दारात येऊन विचारलंस, मास्तर, मन्हं काय चुकनं? मी म्हणालो, तुझं ध्यान नाही. आठवडा गेला नाही तोच तुझ्या वडिलांनी, अमरचंदशेठनी, तुला दुकानाच्या गादीवर बसवलं.

ताप उतरल्यावर मी तो पेपर पुन्हा वाचला. पाचही वाक्यांचा अर्थ पुढच्या-मागच्या ओळींतून नीट लागत होता. विचारलं असतं तर तू एका दमात सांगितलं असतंस. मॅट्रिकचे फॉर्म पाठवायला अजून चार दिवस होते, सुमेर. पण हेडमास्तरांसमोर जाऊन 'चूक माझी' म्हणायला माझी जीभ उचलली नाही. नंतर एकोणीस वर्षं तुझ्या दुकानावरून गेलो की तू उठून उभा राहायचास, चहा मागवायचास, आणि तो चहा मला गोड लागायचा नाही.

म्हणून हे लिहितोय. तू नापास झाला नव्हतास. मी तुला नापास केलं आणि गप्प राहिलो. तुझी चिठ्ठी मी हेडमास्तरांकडे दिलेली नाही. हे पत्र भर दुकानात गिऱ्हाइकांना वाचून दाखव, माझी हरकत नाही. माझं नाव गावात राहिलं नाही तरी चालेल. फक्त आधी ते धनकंवरला वाचायला दे, आणि तिला काय म्हणायचंय ते तिलाच विचार.

तुझा अपराधी, तरीही तुझाच,
वाहिद मास्तर