शेवटची दहा मिनिटं

प्रिय साक्षी,

सप्रेम जय भीम. तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेऊन बसलोय. पत्र काही मधेच कट करता येत नाही, तेव्हा आता वाचच. तुझ्या सिनेमाच्या त्या कार्यक्रमाला दोन महिने झाले. शेजारच्या वत्सलाबाई रोज विचारतात, पोरीचा फोन आला का? तुझी आई माझ्याकडे बघून म्हणते, मला येतो.

तुझा राग मला कळतो. सगळी कॉलनी हॉलमध्ये बसलेली, आणि पंचवीस मिनिटांच्या सिनेमातून तुझा सख्खा बाप मधेच उठून गेला. तुला वाटलं, आपल्या दोन खोल्या, माझी जुनी सायकल पडद्यावर आली याची मला लाज वाटली. बाहेर भेटलीस तेव्हा मी म्हणालो, गर्दीच्या आधी स्कूटर काढायला आलो. तू पाठ फिरवून आत निघून गेलीस. पण ते अगदीच खोटं नव्हतं गं.

मी आजवर टॉकीजमध्ये एकाही सिनेमाचा शेवट पाहिला नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? तेव्हा स्टँडवर सायकली हँडलात हँडल अडकवून लावायचे. सिनेमा सुटला की आपली सायकल बाहेर निघेपर्यंत जीव मेटाकुटीला यायचा. म्हणून शेवटची दहा मिनिटं उरली की मी तुझं मनगट धरून तुला उठवायचो. तू भोकाड पसरायचीस, आणि मग कॅरिअरवर बसून घर येईपर्यंत शेवट तूच रचायचीस. तुझ्या शेवटात मेलेली माणसंसुद्धा जेवायला घरी यायची. आता कोलकात्याला संकलन शिकायला चालली आहेस, पण सिनेमाला पहिली कात्री तुझ्या पप्पांनीच लावली, तेवढं श्रेय मला दे.

आपल्या दोघांना पोरांचे सिनेमे फार आवडायचे. कुणाचा दोस्त गाव सोडून जायचा, कुणी आईशी पहिल्यांदा खोटं बोलायचं. आता विचार करतो तेव्हा कळतं, अशा सिनेमांत पोर मोठं होतं ते नेमकं शेवटच्या दहा मिनिटांत. आणि मी तेव्हा बाहेर सायकली उपसत असायचो. त्यामुळे माझ्या लेखी एकही पोर कधी मोठं झालंच नाही. बाकीचे आईबाप हे सिनेमे बघून थोडेफार शहाणे झाले असतील, मी कोराच राहिलो.

तुझ्या सिनेमातल्या पोरीचे पाय कॅरिअरवरून जमिनीला घासायला लागतात आणि ती म्हणते, मी चालत येते. तिथेच मी उठलो. तू नववीत होतीस, आपल्या नाशिकच्याच द्वारका चौकात तू अशीच टुणकन उतरली होतीस. चार लोकांसमोर पोरीने आपल्याला झिडकारलं असं मला वाटलं. मी जोरात पायडल मारत घरी निघून आलो, एकदाही मागे पाहिलं नाही. तू पाऊण तासाने घामाघूम होऊन आलीस तेव्हा मी पेपरातून डोकं वर काढलं नाही. त्यानंतर तुला कधी सिनेमालाही नेलं नाही. आता हे सगळं कॉलनीला दिसणार, या भीतीने मी उठलो. लाज वाटली साक्षी, पण ती तुझी नाही, माझी.

गेल्या रविवारी सिन्नरच्या कॉलेजात तुझा सिनेमा पुन्हा लावणार होते. तुझ्या आईने स्कूटरची किल्ली रव्याच्या डब्यात लपवली आणि मला एसटीत बसवून दिलं. काढायला गाडीच नाही म्हटल्यावर बसून राहिलो. तुझ्या सिनेमातला बाप पुढच्या वळणावर थांबलेला आहे. उगाचच रुमालाने घंटी पुसतोय. पोरगी येते, आणि दोघं सायकल हातात धरून चालत घरी जातात. मी थांबलो नव्हतो गं. तुलाही माहीत आहे, मलाही माहीत आहे. तरी तू मला थांबवलंस, लहानपणी मेलेल्यांना जेवायला आणायचीस तसं. नावं संपली, हॉल रिकामा झाला, शिपायाने पंखे बंद केले तरी मला उठवेना.

तुझ्या आईच्या पोटात काही राहत नाही, हे तू विसरलीस. चौदा तारखेला तुझी हावड्याची गाडी नाशिकरोडला दोन-चार मिनिटं थांबणार आहे, आणि तू तिला एकटीलाच बोलावलंयस. पप्पांना पार्किंगची घाई असते, असं म्हणालीस म्हणे. बरोबरच आहे. तू पुण्याला गेलीस तेव्हाही बस हलायच्या आधीच मी स्टँडबाहेर पडलो होतो. म्हणून हे पत्र. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, फक्त डबा कितवा ते आईला कळव. या वेळी किल्ली मीच रव्याच्या डब्यात टाकणार आहे. आम्ही दोघं सिटीबसने येऊ, आणि गाडीचा शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत मी फलाटावरून हलणार नाही.

वळणावर थांबलेला,
तुझाच पप्पा