त्याच्या वतीने

प्रिय नणंदबाई,

हसू नकोस. शाळेच्या बाकापासूनची आपली ओळख, नणंदबाई म्हणून मी तुला फक्त चिडवायला म्हणते. आज मात्र मुद्दाम नात्यानेच हाक मारतेय, कारण सांगायचंय ते तुझ्या दादाबद्दल आहे, आणि मैत्रीण म्हणून सांगितलं तर तू मला लगेच माफ करून टाकशील. तेवढ्या स्वस्तात सुटायचं नाहीये मला.

रविवारी तुझा फोन येतो तेव्हा मी सगळं छान चाललंय म्हणते. निम्मं खरं असतं. त्याचा पलंग आता हॉलच्या खिडकीला लावलाय, रस्ता दिसतो. उजवी बाजू अजून लुळीच, पण डाव्या हाताने दाढी करायला शिकलाय, आणि कानामागे साबण तसाच ठेवायची जुनी खोड कायम आहे. बोलणं मात्र 'बरं' या एका शब्दापलीकडे गेलेलं नाही. पाणी हवं असलं तरी बरं, माझा राग आला तरी बरं. कळतं त्याला सगळं. दाराची बिजागरी कुरकुरली की त्याच्यातला सुतार जागा होतो आणि कपाळाला आठ्या पडतात.

त्यामुळे त्याच्या वतीने बोलायचं काम माझ्याकडे आलं. मला बोलायला काय लागतं, तू जाणतेसच. त्याला पंखा नकोय, त्याला आज बसवत नाहीये, त्याला पाहुण्यांचा कंटाळा आलाय. हळूहळू असं झालं की 'मला' हा शब्दच तोंडात येईना. शेजारच्या मावशींनी एकदा विचारलं, जेवलीस का, तर मी म्हणाले, हो, जेवला तो. त्या हसल्या, मीही हसले.

खरं म्हणजे मी जेवले नव्हते. जेवावंसंच वाटत नव्हतं. त्याला आंघोळ घालणं, चादर बदलणं, व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या ताईंना दार उघडणं, हे सगळं हात आपोआप करायचे, मी त्यात कुठेच नसायचे. केस विंचरायचाही कंटाळा. सकाळी जाग आली की वाटायचं, का आली? कधी वाटायचं, संपावं हे एकदाचं. काय संपावं, कोण संपावं, हा विचार मी पुढे जाऊ देत नसे. आणि आजारी तो, मी चांगली धडधाकट बाई. कुठल्या तोंडाने म्हणणार होते की मला काहीतरी होतंय?

मागच्या महिन्यात त्याला तपासणीला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, मन कसं आहे? तो म्हणाला, बरं. मग त्यांनी नेहमीप्रमाणे माझ्याकडे पाहिलं, आणि मी सुरू झाले. त्याला झोप लागत नाही, म्हटलं. अन्नाला चव लागत नाही. दिवस उजाडलेला नको वाटतो. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडतो. डॉक्टर मान खाली घालून लिहीत होते, त्यांच्या ध्यानात आलं नाही. अगं, जो माणूस धरल्याशिवाय पलंगावरून उतरू शकत नाही, तो बाथरूममध्ये एकटा जाऊन नळ कधी सोडणार? तुझ्या दादाच्या ध्यानात आलं. तो माझ्याकडे बघतच राहिला. मी उगाच त्याच्या शर्टाचं बटण लावत बसले.

गोळ्या सुरू झाल्या, त्याला. पहिले काही दिवस मी स्वतःला समजावलं की त्याचंही मन खचलेलं असणारच, तेव्हा चुकलं कुठे? पण तो दिवसभर पेंगायला लागला. काठी धरून उभा राहायला लागला होता, ते थांबलं. व्यायामाच्या ताई म्हणाल्या, यांचा हुरूप कुठे गेला? मी खांदे उडवले. मला माहीत होतं कुठे गेला ते. आणि तरीही मी गोळ्या देत राहिले. हे वाक्य पुन्हा वाच, कारण लाज वाटते ती याची. तो झोपला की घर शांत व्हायचं, माझ्याकडून कुणाला काही नको असायचं, आणि मला सुटल्यासारखं वाटायचं. क्षणभर स्वस्थ न बसणारा तुझा भाऊ मी माझ्या सोयीसाठी झोपवून ठेवला.

काल सकाळी नाश्त्यानंतर गोळी पुढे केली, तर त्याने तोंड उघडलं नाही. डाव्या हाताने ती घेतली, माझा हात ओढला, गोळी माझ्या तळव्यावर ठेवली आणि माझी बोटं एकेक करून मिटली. रागावला नव्हता. रागावला असता तर मी भांडले असते, भांडणात मी त्याला कधी जिंकू दिलेलं नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते माझ्यासाठी होतं. म्हणजे त्या दिवसापासून त्याला ठाऊक होतं, आणि तो माझं औषध मुकाट्याने गिळत होता. मी तिथेच, त्याच्यासमोर, पलंगाच्या कडेला बसून रडले.

या गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नसतात एवढं मला कळतं, आणि त्याच्या तोंडात घालायला आता हात धजत नाही. दवाखान्यात फोन करून गुरुवारची वेळ घेतलीय. तिथल्या बाईंनी पेशंटचं नाव विचारलं आणि माझ्या तोंडून पुन्हा त्याचंच नाव गेलं. एकटी गेले तर मी त्याच्याबद्दलच बोलून परत येईन, माझी खात्री आहे. आणि तुला फोन केला तर सगळं छान चाललंय म्हणेन, म्हणून हे पत्र. चिडशील, चीड. हवं ते बोल, मी ऐकून घेईन. पण बुधवारी रात्रीपर्यंत ये. दादाला बघायला नको येऊस, त्याच्याजवळ मावशी बसणार आहेत. मला डॉक्टरांकडे घेऊन जायला ये.

तुझीच,
वहिनी