सत्तरी, घुबडं आणि अकरा मतं

३ ऑक्टोबर
पुढच्या महिन्यात सत्तरी. भेटवस्तू नकोत, देणगी द्या, असं मित्रांना कळवलं. कुणाला द्यायची ते मतदानाने ठरेल. मी लोकशाहीवाला माणूस. यादीत तीन नावं: जखमी घुबडांचा दवाखाना, गरजूंना फुकट शिधा देणारी गावातली अन्नपेढी, शाळेच्या बँडला वाद्यं. शेवटची दोन शोभेला.

७ ऑक्टोबर
घुबडांवरचं चाळीस मिनिटांचं भाषण बायकोला, व्हर्नाला, वाचून दाखवलं. मध्येच उठून तिने भांडी घासायला घेतली. भारावली की असंच करते.

१२ ऑक्टोबर, थँक्सगिव्हिंग, आमचा सुगीचा सण
मित्रमंडळी जेवायला. टर्कीनंतर भाषण. बर्फावर दगड सरकवायच्या खेळातला, आमच्या कर्लिंग संघाचा कप्तान ऑरविल डोळे मिटून ऐकत होता. म्हणाला, "लाइल, आवर बाबा. घुबडंसुद्धा झोपली असतील." एकूण वातावरण अनुकूल. मग चिठ्ठ्या टाकल्या.

१३ ऑक्टोबर, सकाळी १०
मोजणी. अन्नपेढी दहा. घुबडं एक. ते माझं.

१०.३०
पुन्हा मोजली. तेच.

११.००
एका चिठ्ठीवर व्हर्नाचं अक्षर! घरातच सुरुंग. जाब विचारला. म्हणे, "हो. आणि बाकीच्यांनाही मीच सांगितलं." निवडणूक रद्द. वाढदिवस रद्द. आजपासून अन्नत्याग.

दुपारी १
कालच्या पम्पकिन पायचा एकच तुकडा खाल्ला. तोही रागाने.

१५ ऑक्टोबर
ऑरविलला तोंडावर गद्दार म्हणालो. तो चिडला नाही. म्हणाला, "ब्याण्णवच्या हिवाळ्याचं एकदा व्हर्नाला विचार."

विचारलं. मी कामाला होतो ती कागदाची गिरणी बंद पडली तो हिवाळा. मी काटकसरीने घर तारून नेलं होतं, अजून लोकांना सांगतो कसं ते. व्हर्ना इस्त्री करत होती. मान वर न करता म्हणाली, "शिल्लक जानेवारीतच संपली, लाइल. एप्रिलपर्यंत दर गुरुवारी मी अन्नपेढीच्या रांगेत उभी राहायचे. ऑरविल गाडीने घरी सोडायचा. आणि तू तेच सूप पिऊन म्हणायचास, बघ, नियोजन असलं की भागतं."

मला का नाही सांगितलंस?

"तेव्हा तुझ्यापाशी तेवढंच उरलं होतं. तेही काढून घेऊ?"

१६ ऑक्टोबर
चौतीस वर्षं. सगळ्यांना माहीत, मला सोडून. एवढा दगा कुणी शत्रूलाही देत नाही. रागवायचं नक्की आहे. कुणावर, ते ठरत नाही.

१९ ऑक्टोबर
व्हर्नाबरोबर अन्नपेढीत गेलो, निकाल कळवायला. डब्यांची मांडणी चुकीची वाटली. तीन सूचना केल्या. तिथली बाई म्हणाली, "आजोबा, कोट काढा आणि ती खोकी आत घ्या." घेतली. व्हर्ना बटाटे पिशव्यांत भरत होती. येणारा-जाणारा तिला नावाने हाक मारत होता.

रांगेतल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "तुम्ही व्हर्नाचे कोण?"

नवरा, म्हणालो.

त्याला ऐकू आलं नाही. पुन्हा सांगावं लागलं.